श्वेतशूळाची वाट

एका राज्यात, जिथल्या सगळ्या नद्या श्वेतशूळ पर्वताच्या बर्फातून उगम पावत, एक विचित्र रीत होती. राजरक्ताच्या माणसाने विचारल्याशिवाय कुणी त्याच्याशी बोलायचे नाही. एकदा महाराज वज्रबाहूंच्या शेल्याला समईची ज्योत लागली. सारा दरबार नुसता पाहत उभा राहिला. "कसला वास येतो?" असे महाराजांनी विचारले, तेव्हा कुठे प्रधानजी हात जोडून म्हणाले, "आपण पेटला आहात, महाराज." त्या अदबीचे पुढे कितीतरी दिवस कौतुक चालले होते.

याच महाराजांनी श्वेतशूळाच्या माथ्यावरचा हिममणी उचलून आणला आणि खजिन्यात ठेवला. त्या दिवशी महाराजांची पावले बर्फाची झाली. मग पोटऱ्या, मग गुडघे, मग कंबर. पर्वतावरच्या बर्फातून पाणी झरेनासे झाले, नद्या आटल्या. वैद्य झाले, मांत्रिक झाले, शेकोट्या पेटवून झाल्या. शेवटी राजवाड्याच्या गच्चीवर एक म्हातारा डोमकावळा येऊन बसला आणि युवराज हेमांगदाशी बोलू लागला. पक्ष्यांना दरबारी रीत लागू नव्हती.

"बर्फ छातीला लागले आहे. काळजाला पोचण्याआधी मणी जागच्या जागी नेऊन ठेव."

"वाटेत काय आहे?"

"तीन ठाणी. पहिल्यावर ऊब द्यावी लागेल, दुसऱ्यावर झोप."

"आणि तिसऱ्यावर?"

"तिथे काही द्यावे लागत नाही. वाट तेवढी विचारावी लागते." एवढे सांगून कावळा उडून गेला.

युवराजाने सोबतीला केरूला घेतले. केरू हा चिमाईचा एकुलता एक मुलगा, आणि चिमाई युवराजाची दाई. दोघे एकाच आईच्या दुधावर वाढलेले. बर्फाच्या सीमेवर दोघांनी एकाच दोराची टोके कमरेला बांधली, तेव्हा युवराज म्हणाला, "इथून वर रीत नको. तू आपला बोलत जा." केरू आधी लाजला. मग जो बोलायला लागला, तो थांबेचना. मेंढ्यांचे झाले, आईच्या रागाचे झाले, खालच्या वाडीतल्या एका मुलीचेही झाले, जिच्याशी तो अजून एक शब्द बोलला नव्हता. युवराजाला हसू आवरत नव्हते. आपल्या दूधभावाच्या पोटात एवढे काही साठलेले आहे, हे त्याला कधी ठाऊकच नव्हते.

पहिल्या ठाण्यावर हिमनदी होती आणि तिच्या निळ्या भेगांतून एक डाकीण डोकावत होती. "ऊब दे," ती म्हणाली. केरू पुढे झाला, "माझी घ्या." युवराजाने त्याला मागे सारले. "वडील माझे आहेत," तो म्हणाला, आणि आपल्या हातांची ऊब काढून दिली. डाकिणीने भेगा मिटवल्या. युवराजाचे हात मात्र पुन्हा कधी गरम झाले नाहीत.

दुसऱ्या ठाण्यावर सरळसोट कडा, पायथ्याशी एक यक्ष. "झोप दे." युवराजाने तीही दिली. यक्ष जांभई देऊन तिथेच कलंडला आणि कड्याला पायऱ्या फुटल्या. पण झोप गेलेला माणूस चिडका होतो, मग तो राजपुत्र का असेना. डोके ठणकू लागले. मघाशी गोड वाटणारी केरूची बडबड आता कानाला टोचू लागली.

"युवराज," केरू म्हणाला, "ऊन चढलंय. बर्फ मऊ पडलंय. आज इथंच थांबू."

"वडिलांचं काळीज थांबेल का?"

"पण युवराज..."

"पुरे! आता मी विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही."

केरूने मान खाली घातली.

तिसरे ठाणे म्हणजे माथ्याकडे जाणारी अरुंद धार. डावीकडे गुळगुळीत, शुभ्र, चालायला सोपे बर्फ. उजवीकडे वेडेवाकडे काळे खडक. युवराजाने हात जोडले. "हे गिरिराजा, वाट दाखव." पर्वत गप्प. त्याने वाऱ्याला विचारले, सूर्याला विचारले. कुणी बोलले नाही. केरू त्याच्या मागे उभा होता. त्याने तोंड उघडले आणि मिटले. युवराजाला ते दिसले. न दिसते तर पुढे त्याला एवढे सोसावे लागले नसते. याला विचारले तर हा पुन्हा थांबायलाच सांगेल, असे त्याला वाटले, आणि त्याने डावीकडे पाऊल टाकले.

ती नुसती बर्फाची वळचण होती, वाऱ्याने कड्याबाहेर रचलेली, खाली काही आधार नसलेली. ती मोडली. युवराज कोसळला, आणि त्याच क्षणी केरूने धारेच्या दुसऱ्या बाजूला उडी घेतली. दोर धारेवर ताणला गेला. दोघे दोन पारड्यांसारखे लटकले.

युवराज धडपडत धारेवर आला. पाहतो तर केरूच्या बाजूचा दोर काळ्या खडकावर घासून झिजत चाललेला. त्याने दोर ओढला. गारठलेली बोटे मिटेनात.

"केरू! तुला दिसत होतं ना? मग सांगितलं का नाहीस?"

"आपण विचारलं नाहीत, युवराज."

"आता विचारतो! वाट कुठली?"

"उजवीकडची. खडकाला धरून जा. माझी काठी वर पडलीय, पाय टाकण्याआधी ती टोचून बघा."

"आणि तू?"

दोर तुटला.

युवराज खडकाला धरून माथ्यावर गेला आणि मणी जागेवर ठेवला. शाप सुटला. बर्फाखालून पाण्याचा आवाज येऊ लागला. राजवाड्यात महाराजांनी आपले पाय चोळले आणि गरम दूध मागितले. युवराज परतला तेव्हा गावोगाव तोरणे लागली होती. "काय हवे ते माग," महाराज म्हणाले. त्याने ती रीत बंद करायला सांगितली. त्याच संध्याकाळी दवंडी पिटली गेली.

मग तो चिमाईच्या दारात गेला. दवंडी तिनेही ऐकली होती. तरी ती गप्प उभी राहिली.

"चिमाई, बोल ना. शिव्या दे. काहीही बोल."

"काय बोलू, बाळराजे?" ती म्हणाली. "लहानपणी तो तुम्हाला नावानं हाक मारायचा. मी त्याच्या तोंडावर चापट द्यायची. विचारल्याबिगर तोंड उघडायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं."

ती आपल्याला दोष देईल, तेवढाच जिवावरचा भार हलका होईल, अशी युवराजाची आशा होती. तिने दोष दिला नाही. ती आत गेली आणि सवयीने दोन ताटे मांडू लागली.

नद्या वाहिल्या, महाराज वाचले, राज्य सुखी झाले. तसे सर्वांचे होवो. चिमाईचे दुःख मात्र कुठल्याच आईच्या वाट्याला न येवो.