राळ पाण्यातच विरघळवा!

"ही राळ पाण्यात विरघळलीच पाहिजे!" दुर्जयराव महाराज गरजले. "उद्या दुपारपर्यंत! नाहीतर वैद्यबुवा, गाव सोडा!"

महाराजांचे डोळे आठ दिवसांपासून गुंजेसारखे लाल होते. उतारा एकच, राजवैद्य त्र्यंबकशास्त्र्यांची डोंगरी राळ. पण ती पाण्यात विरघळेल तर शपथ! पूड घातली की डोळ्यात टोचे. तेलात कालवून घातली, तर महाराजांना दोन-दोन राणीसाहेब दिसायला लागल्या.

"एकीनंच पुरेवाट होतेय!" महाराज ओरडले. "तेल-तूप बंद! पाणी म्हणजे पाणी!"

शास्त्रीबुवा घरी येऊन बोचकंच बांधायला बसले. "पोथीत उपाय नाही गं, सगुणे!"

सगुणा त्यांच्याकडे पंधरा वर्षं औषधं खलत होती. "पोथीत नाही, तर चुलीपाशी बघते," ती म्हणाली.

तिनं राळ घोटली, उकळली. राळ आपली तळाशीच! बोटं मात्र चिकटून गेली, पाण्यानं काही सुटेनात. वैतागून ती दुधावरची साय काढायला गेली, आणि बघते तो काय, बोटं लख्ख!

"अगं बाई!" सगुणा हसली आणि लोटा घेऊन थेट राजवाड्याच्या गोठ्याकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात तिनं औषध मलमलीतून गाळून दाखवलं. फडक्यावर कणही उरला नाही. महाराजांच्या डोळ्यात दोन थेंब पडले.

"टोचत नाही! आणि राणीसाहेब एकच!" महाराज खूश झाले. मग त्यांनी वाटीत डोकावलं. "हे तर दूध! मी पाणी सांगितलं होतं!"

शास्त्रीबुवांनी काखेतलं बोचकं घट्ट धरलं. सगुणानं पदर सावरला.

"पाणीच आहे, महाराज. आपल्याच गोठ्यातलं. खोटं वाटत असेल तर आपल्या गवळ्याला विचारा!" आणि खांबाआड उभ्या असलेल्या भिवा गवळ्याकडे ती वळली. "काय भिवादादा, यात पाणी नाही, अशी घेता शपथ? महाराजांच्या पायांवर हात ठेवून?"

भिवाचा चेहरा पडला. "सरकार... शेराला पाऊण शेर पाणीच असतं!"

मग महाराज असे हसले की डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"इतकी वर्षं यानं माझ्या डोळ्यांत धूळ फेकली, आणि हिनं औषध घातलं! शास्त्रीबुवा, बोचकं सोडा! सगुणे, गोठ्यातली सगळ्यात दुभती गाय तुझी! आणि भिवा, पाण्याची भारी हौस ना तुला? वर्षभर त्या गाईला विहिरीचं पाणी तूच ओढून पाजायचंस!"