ढोबळे साहेबांचा फोटो

आमचे नगराध्यक्ष रंगराव ढोबळे फोटो काढायला यशवंत चिमट्याच्या स्टुडिओत गेले, हे त्या कॅमेऱ्याचं भाग्यच म्हणायचं. पहिला फोटो पाहून म्हणाले, "ढेरी काढ." दुसरा पाहून टक्कल, तिसरा पाहून गळ्याच्या वळकट्या. शेवटी गरजले, "यशवंता, वाईट दिसतंय ते सगळं काढ. उद्या पसंत पडला नाही तर दुकानाला टाळं ठोकीन."

दुसऱ्या दिवशी यशवंतानं चार नगरसेवकांदेखत फोटो पुढे ठेवला. त्यात नुसती खुर्ची.

"अरे, मी कुठाय?"

"साहेब, वाईट ते सगळं काढलं. खुर्चीबद्दल तुमची तक्रार नव्हती."

नगरसेवक रुमालात खोकले. रंगरावांनी पहिला, ढेरीवाला फोटो उचलला. रिकामी खुर्ची आजही स्टुडिओच्या काचेत आहे. गाव म्हणतं, साहेब इतके चांगले कधी दिसलेच नव्हते.