गुलबक्षीची वेळ

फार वर्षांपूर्वी अनसूयाकाकूंच्या अंगणातली झाडं एकमेकांशी बोलत असत. रोज सकाळी काकू पूजेसाठी परडी घेऊन आल्या की जास्वंद, कण्हेर आणि तगर फुलं पुढे करत. गुलबक्षीची फुलं मात्र तेव्हा मिटलेली असत, कारण ती संध्याकाळी उमलायची.

"बाईसाहेब झोपल्या," तगर म्हणायची. "नुसती जागा अडवायची."

एके सकाळी काकूही म्हणाल्या, "हिचं एक फूल देवाला मिळत नाही. आज संध्याकाळी हिला उपटते आणि इथे शेवंती लावते."

गुलबक्षी हादरली. लवकर उमलावं म्हणून तिने दुपारभर जोर लावला, पण एक पाकळीही हलली नाही.

संध्याकाळी काकू खुरपं घेऊन आल्या. दिवसभर शिवणयंत्रावर वाकून त्यांची पाठ भरून आली होती, म्हणून त्या जरा पायरीवर टेकल्या. सगळं अंगण नुसतं हिरवं होतं. फुलं सकाळीच खुडून झाली होती. समोर गुलबक्षीची एकेक कळी हळूहळू उघडत होती. काकू हातातलं खुरपं विसरून बघत राहिल्या.

कुंपणापलीकडून यमुनावहिनींनी विचारलं, "काय हो काकू, उपटणार होता ना तिला?"

"सकाळची सगळी फुलं देवाला गेली," काकू म्हणाल्या. "माझ्यासाठी ही एकटीच थांबली होती, हे मला आज दिसलं."

मग त्या उठल्या आणि खुरप्याने गुलबक्षीच्या मुळाशी माती भुसभुशीत करू लागल्या.