कव्हर गुळगुळीत, चढता येईना

एक होतं गॅरेज. गॅरेजात होती एक जुनी मोटारसायकल. तिच्या सीटमध्ये उंदरांचं घर. घरात आई, चार तान्ही बाळं आणि चिटकू.

चिटकू रोज खाली यायचा, दाणे खायचा आणि इंजिनच्या कव्हरवरून वर चढायचा. कव्हरला होता सुरकुत्यांचा रंग. हात फिरवा, खरखर खरखर. चिटकूची नखं तिथे छान रुतायची.

पण मालकाचा बूट त्याच कव्हरला घासायचा. घासून घासून सुरकुत्या गेल्या. कव्हर झालं गुळगुळीत.

चिटकू चढला. सुर्रर्र, धप्प! पुन्हा चढला. सुर्रर्र, धप्प!

वरून आई म्हणाली, "ये रे बाळा. ही चौघं कुशीत झोपलीत, मला उठता येत नाही."

चिटकूला रडूच आलं. आई वर, आणि तो खाली. रडत रडत तो निघाला. तुरुतुरु तुरुतुरु.

हसनकाका पेंटर चहा पीत होते.

"काका, काका, कव्हर गुळगुळीत, चढता येईना. सुरकुत्यांचा रंग द्या ना."

"जुना रंग घासल्याशिवाय मी नवा देणार नाही. पॉलिश पेपरला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु.

"पेपरदादा, पेपरदादा, कव्हर गुळगुळीत, चढता येईना. पेंटर रंग देईना. घासा ना."

"कोरडाच? छे. भिजल्याशिवाय मी घासणार नाही. बादलीला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु.

"बादलीबाई, बादलीबाई, कव्हर गुळगुळीत, चढता येईना. पेंटर रंग देईना. पेपर कव्हर घासेना. पाणी द्या ना."

"झाकणावर कोंबडी बसलीय. ती उठल्याशिवाय मी पाणी देणार नाही."

कोंबडी फुगून बसली होती.

"कोंबडीताई, कोंबडीताई, कव्हर गुळगुळीत, चढता येईना. पेंटर रंग देईना. पेपर कव्हर घासेना. बादली पाणी देईना. उठा ना."

"सकाळी अंडं घातलं. एवढं मोठं. म्हशीनं साधं 'वा' म्हटलं नाही. ती म्हटल्याशिवाय मी उठणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, कव्हर गुळगुळीत, चढता येईना. पेंटर रंग देईना. पेपर कव्हर घासेना. बादली पाणी देईना. कोंबडी जागची उठेना. 'वा' म्हणा ना."

"माझ्या पाठीला खाज सुटलीय. कुणी खाजवल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही," म्हैस तोंड उघडून म्हणाली.

आता कुणाला सांगायचं? पुढे कुणीच नव्हतं. चिटकूनं डोळे पुसले. म्हशीची शेपटी धरली. भीती वाटत होती, तरी तो वर चढला.

खर्र खर्र. खर्र खर्र.

"जरा डावीकडे," म्हैस म्हणाली.

खर्र खर्र. खर्र खर्र.

"आणखी डावीकडे."

खर्र खर्र. खर्र खर्र.

"वाऽऽऽ," म्हैस म्हणाली.

म्हैस वा म्हणाली, कोंबडी उठली. कोंबडी उठली, बादलीनं पाणी दिलं. बादलीनं पाणी दिलं, पेपर भिजला. पेपर भिजला, कव्हर घासलं. खस खस, खस खस. कव्हर घासलं, हसनकाकांनी रंग मारला. फुस्स, फुस्स, फुस्स. तीन हात मारले आणि गाडी उन्हात ढकलली.

रंग तापला. एक सुरकुती आली. दोन आल्या. कव्हरभर सुरकुत्याच सुरकुत्या.

"माझ्या अंड्यालाही द्या की," कोंबडी म्हणाली.

"अंड्याला हा रंग बसत नाही, ताई," हसनकाका म्हणाले. त्यांनी उरलेला रंग बादलीच्या कडीला मारला.

रंग वाळला. चिटकू चढला. खरखर खरखर. घसरला नाही. खरखर खरखर. थेट आईच्या कुशीत.

आईनं त्याचं नाक चाटलं. "एवढा उशीर?"

"म्हैस फार मोठी होती, आई," चिटकू म्हणाला आणि झोपून गेला.