राणी कनकावती दगड होते

एका राज्यात, जिथे पाखरं मोकळं बोलत आणि माणसं जपून बोलत, कनकावती नावाची राणी होती. तिला एकच लेक, शेवंती. न्हाऊमाखू घालताना राणी लेकीला नेहमी तीच कहाणी सांगे. "तुझी आजी मोठी गुणाची राणी. काळडोंगरावरच्या राक्षसीनं तिला गिळलं, म्हणून नाइलाजानं मी गादीवर बसले." लेक रडे आणि राक्षसीला शिव्या घाली.

शेवंती मोठी झाली, आणि एके दिवशी सिंहासनावर बसल्या बसल्या राणीचे पाय दगड झाले. वैद्य आले, लेप लावून नकारार्थी माना हलवत गेले. दगड गुडघ्यांवर चढला. तेव्हा खिडकीतली मैना म्हणाली, "राजकन्ये, आगीची नदी ओलांड. झोपल्या अजगराचा मणी उचल. त्याच्या उजेडात काळडोंगरावरची राक्षसी गाठ, उतारा तिथंच आहे. दगड गळ्यावर गेला की आई गेली."

राक्षसीचं मुंडकं आणायचं, एवढंच शेवंती समजली. नदीला तिने वाट मागितली, नदीने दिली. मणी उचलला, अजगराने कूस बदलली. गुहेत राक्षसी बसली होती. हातभर सुळे, अंगभर खवले. शेवंतीने तलवार उपसली.

राक्षसीने मान पुढे केली. "मार. पण आधी एवढं सांग, कनकाला अजून वांगं खाल्लं की अंगावर पित्त उठतं का?"

शेवंतीचा हात वरच राहिला. राणीच्या पानात वांगं वाढायचं नाही, हे मुदपाकखान्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. "तुम्ही कोण?"

"तिची आई. गादीसाठी लेकीनं मला इथं कोंडलं. मांत्रिकानं तिला एक कहाणी दिली. ती जो खरी मानेल, त्याच्या विश्वासानं मी राक्षसी होत जायची. लोकांनी ऐकली, खवले आले. तू ऐकू लागलीस, तेव्हा सुळे फुटले."

लहानपणी ज्या सुळ्यांना शेवंती भ्यायली, ते तिनेच वाढवले होते, आईच्या मांडीवर बसून. ती गुहेच्या दारात बसून रडू लागली.

"रडत बसू नकोस, पोरी. खोटं सांगणारीलाही मंत्रानं सोडलं नाही. तिनं भर दरबारात खरं सांगितलं, तर दोघी सुटू. जा, वाचव तिला."

"तुम्हांला तिचा राग नाही?"

"आहे की. पण लेक आहे."

शेवंती परतली, तेव्हा दरबार भरला होता आणि दगड राणीच्या छातीपर्यंत आला होता.

"आईसाहेब, आजीची कहाणी सांगा. खरी."

राणी कुजबुजली. "सगळ्यांसमोर? लोक तोंडात शेण घालतील."

"मग मी काळडोंगरावर जाते. आजीपाशी राहीन."

लेक दाराकडे वळली. ती खरंच निघालेली पाहून राणी बोलली. "गिळलं नाही कुणी. आईला मीच कोंडलं." दरबाराने तोंडात बोटं घातली.

दगड ओसरला. त्याच क्षणी काळडोंगरावरची कोंडी सुटली, आणि दारात एक थकलेली म्हातारी उभी होती, ना सुळे, ना खवले. ती सरळ सिंहासनापाशी आली. "ऊठ, कनका." मोकळ्या पायांनी कनकावतीने पहिलं पाऊल टाकलं, ते पायरीवरून खाली.

आजी गादीवर बसली, राज्याची घडी बसली. आई वाचली खरी, पण शेवंतीला तिच्याकडे बघवेना. कनकावतीनेच विचारलं, "तुझ्या लेकीला माझ्याबद्दल काय सांगशील?"

"घडलं तसं सांगेन," शेवंती म्हणाली. "आणि तुम्हांला वाचवायला मी आगीतून गेले, हेही सांगेन."

तिने कहाणी तशीच सांगितली, तिच्या लेकीनेही तशीच सांगितली, आणि आम्ही ती कमीजास्त न करता तुमच्या पदरात घातली.