तीनशे वातींचं घर

कारभाऱ्यांनी घराची किंमत सांगितली आणि म्हाळूच्या हातातली दाण्यांची परात खाली पडली.

"सातशे रुपये?"

"परवडत नसेल तर मोरांबरोबर झाडावर राहा," कारभारी मुरारपंत म्हणाले.

म्हाळू राजवाड्यातल्या मोरांना दाणे घालायचा. बारा वर्षं तो आणि त्याची बायको येसू पै पै साठवत भाड्याच्या एका खोलीत राहत होते. घरमालकीण येसूला उंबऱ्यावर गौरीची पावलंसुद्धा काढू देत नसे. "माझ्या घरची लक्ष्मी चुकून तुमच्या खोलीत वळायची!" म्हणे. येसूनं देवीला बोलून ठेवलं होतं, यंदा गौरी आणीन ती स्वतःच्या उंबऱ्यावरून. आणि गौरी येऊन ठेपल्या होत्या पंधरा दिवसांवर.

पारिजात गल्लीत राजाची चार घरं होती, एकासारखं एक. तीन विणकर, अत्तरवाले आणि वैद्यबुवा यांनी घेतली होती; उरलेल्या चौथ्याचेच हे सातशे.

येसू थेट दरबारात गेली. मागून म्हाळू.

"महाराज, आम्ही बायका कोथिंबिरीची जुडी घेताना शेजारच्या टोपलीतला भाव आधी विचारतो. शेजारची तीन घरं केवढ्याला गेली, तेवढं कळलं तर बरं."

राजा मानधवल भलता हट्टी. "माझ्या घराला कोथिंबीर म्हणतेस? किंमत ओठाबाहेर काढायची नाही, अशी शपथ घातली आहे मी घेणाऱ्यांना. मुरारपंतांचाच सल्ला तो."

"नका सांगू महाराज. पण मीच सांगितल्या तर?"

दरबार हसला. राजाला चेव आला. "कुणाला विचारायचं नाही. दप्तराला हात लावायचा नाही. परवा सकाळी तिन्ही किमती बरोबर सांग, तू म्हणशील त्या किमतीला घर तुझं! एक जरी चुकलीस, तरी या नगरीत पुन्हा घराचं नाव काढायचं नाही."

"बरं," येसू म्हणाली, जणू कुणी मीठ उसनं मागितलं होतं.

दुसरा दिवस मंगळवार. येसूचा उपास. मुरारपंतांनी तिच्या दाराशी एक शिपाई बसवला, ती कुणाशी बोलते ते बघायला. येसू अंघोळ करून देवीला जाऊन आली आणि कापूस घेऊन वाती वळत बसली. तिच्या हातच्या वातींचं नगरीत नाव होतं. कुणाचं उद्यापन असो, कुणाचं नवं घर असो, देवीपुढे लावायच्या वाती येसूकडूनच जायच्या.

म्हाळू मात्र खोलीत येरझाऱ्या घालत होता. "अगं, परवा नव्हे, उद्याच जायचंय! काहीतरी कर की."

"करतेय ना. तो कापसाचा पेळू द्या इकडे."

"देवी काय कानात येऊन सांगणार आहे?"

"देवीला पुष्कळ माहीत असतं हो. तुम्ही साबुदाणा खाऊन घ्या."

बुधवारी दरबारात पाय ठेवायला जागा नव्हती. शिपायानं आधी हकिगत सांगितली, "सरकार, बाई कुणाशी बोलल्या नाहीत. नुसत्या वाती वळत होत्या. मलाही कापसातल्या सरक्या काढायला बसवलं."

येसू पुढे झाली. "विणकराचं घर दोनशे नव्वद. अत्तरवाल्यांचं तीनशे दहा. वैद्यबुवांचं तीनशे."

राजानं मुरारपंतांनी लिहिलेलं दप्तर उघडलं. पहिली बरोबर. राजा चमकला. दुसरी बरोबर. तिसऱ्यापाशी त्याचं बोट थांबलं.

"चुकलीस बाई. वैद्यबुवांचं दोनशे."

म्हाळूनं डोळे मिटले. मुरारपंत घाम पुसता पुसता हसले.

येसू जागची हलली नाही. "दप्तर चुकलंय महाराज."

"दप्तर?"

"आपल्या नगरीत घर घेतलं की देवीपुढे रुपयामागे एक वात लावतात. महाराजांना कधी घर विकत घ्यावं लागलं नाही, मुरारपंतांचा वाडा सासऱ्यांचा. तुम्हा दोघांना रीत कुठून ठाऊक असणार? तिन्ही घरांच्या वाती मी वळल्यात. वैद्यबुवांच्या बायकोनं मोजून तीनशे नेल्या. माणूस दप्तरात काहीही लिहील, देवीपुढे वाती चुकवायची छाती कुणाची?"

वैद्यबुवांना शपथ होती. ते तोंडातून शब्द न काढता जोरजोरात मान हलवू लागले, इतकी की पगडी घरंगळत सिंहासनापाशी गेली.

राजानं मुरारपंतांकडे पाहिलं. मुरारपंतांनी पगडीकडे.

"पंत, वरचे शंभर कुठे आहेत?"

"आणतो सरकार."

"आणा. आणि खजिन्यात भरलेत की या बाईंपुढे बसून शंभर वाती वळा. त्या पसंत करतील त्याच धरायच्या." मग राजा येसूकडे वळला. "शब्द म्हणजे शब्द. बोल, केवढ्याला घेतेस?"

"तीनशेला."

"अगं, एक रुपया म्हणाली असतीस तरी द्यावं लागलं असतं मला!"

"एका वातीच्या उजेडात देवीचं तोंड तरी दिसेल का महाराज? काल तीनशे वळून ठेवल्यात मी, आमच्या घराच्या."

राजा असा खदखदून हसला की अंगणातले मोर केकारव करू लागले. त्यानं घराची किल्ली येसूच्या ओंजळीत ठेवली, वर गौरींसाठी दोन जरीच्या साड्या दिल्या, आणि शिपायाला फर्मावलं, "जा रे, बाईंच्या नव्या उंबऱ्यापुढे सडा घाल. पावलं काढायची आहेत त्यांना!"