न चाखलेलं सार

"पण दाजी, चाखायचंच नाही, तर मीठ बरोबर पडलं हे कळतं कसं?"

हेरंब सामंताने विचारलं खरं, पण त्याआधी खोलीचं दार नीट लागलंय ना, हे दोनदा पाहिलं. समुद्राच्या कड्यावरच्या त्या आलिशान हॉटेलचा तो मुख्य शेफ. त्याच्या हातचं आमसुलाचं सार प्यायला लोक विमानाने येत. आजवर त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं, सगळ्यांना सांगितलंच होतं.

दाजी बिवलकर खालच्या गावातल्या देवळात नैवेद्य रांधत. हेरंबने आयुष्यातली पहिली फोडणी त्यांच्याच चुलीवर दिली होती. नैवेद्य देवाआधी कुणी चाखत नाही, म्हणून दाजींनी जन्मभर न चाखताच रांधलं होतं. आज त्यांना आणायला हॉटेलची लांबलचक गाडी गेली होती, आणि दाजी तिच्यात मांडी घालून बसून आले होते.

"तुला रे कशाला न चाखता करायचंय?"

हेरंबने पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं.

"हेरंबा..."

"तापात माझी चव गेली, दाजी. मीठ घ्या नाहीतर साखर, तोंडात सगळी मातीच. इथे कुणाला ठाऊक नाही. आणि आज संध्याकाळी परीक्षक जेवायला येतायत. माझं नाव धुळीला मिळेल. काहीतरी युक्ती सांगा."

दाजी उठले. "पातेलं कुठाय?"

स्वयंपाकघर आरशासारखं चकाकत होतं. एवढ्या शेगड्या पाहून दाजी मनापासून हसले आणि त्यातली सगळ्यात लहान निवडली. आमसुलं भिजली, गूळ विरघळला, तुपात जिरं तडतडलं. हेरंबने सवयीने चमचा पुढे केला. दाजींनी तो बाजूला ठेवला.

मग त्यांनी मुठीत मीठ घेतलं... आणि त्यांचा हात थरथरला.

वय झालं, हेरंबला वाटलं. त्याला वाईटही वाटलं.

मीठ पडलं. दाजींनी पातेल्यासमोर हात जोडले, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

हेरंबने सहकारी शेफ झरीनला हाक मारली. मोठी चोखंदळ बाई. आजवर कुणाचं कौतुक करताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. तिने एक घोट घेतला आणि वाटी दोन्ही हातांत धरून उभीच राहिली.

"झरीन, मीठ?"

तिने वाटी पुढे केली. "शेफ... अजून आहे का?"

हेरंबने स्वतः घोट घेतला. काहीच लागलं नाही, नुसतं गरम पाणी. पण झरीनच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचे डोळे भरून आले. ती गेल्यावर तो दाजींच्या पायांशीच बसला.

"कसं कळलं तुम्हाला?"

"मला कुठे कळलं?"

"मग हात जोडलेत ते?"

"कळलं असतं तर कशाला जोडले असते?"

...

खाली समुद्र गाजत होता. परीक्षक यायची वेळ होत आली होती. झरीन पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात आली. "शेफ, संध्याकाळच्या साराचं मी पाहू का?"

हेरंब उठला. खिशातला चाखायचा चमचा त्याने काढून ओट्यावर ठेवला. "नको. मीच करतो."

आमसुलं, गूळ, तूप, जिरं. हात आपसूक चालत होते. मग त्याने मीठ मुठीत घेतलं आणि तो थबकला. एवढ्या वर्षांत, एवढ्या मोठमोठ्या लोकांना जेवू घालताना, हे कधी झालं नव्हतं.

"दाजी... हात थरथरतोय."

दाजी गाडीत बसायला निघाले होते. ते वळले. त्यांनी आधी त्याच्या मुठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"हे थांबतं कधी?" हेरंबने विचारलं.

"माझा थांबला की सांगतो."